भ्रम उतरेपर्यंत सोबत

• एलएसडी (भ्रम निर्माण करणारे द्रव्य) : आल्बर्ट हॉफमन यांनी १९३८ मध्ये प्रथम तयार केले. अंमल साधारण ८ ते १२ तास. भारतात एनडीपीएस कायद्याने (१९८५) बंदी.

• धोतरा वेगळा. ॲट्रोपिन, स्कोपोलामिनमुळे तोंडाला कोरड, बाहुल्या मोठ्या, ताप, असंबद्ध बरळणे. ही विषबाधाच, घरी वाट पाहू नये, थेट रुग्णालय गाठावे.

• एलएसडीच्या अंमलात घाबरलेल्याजवळ ओळखीचे, शांत माणूस बसावे. उजेड, गोंगाट कमी. वाद नको, दरडावणे नको, एकटे सोडणे तर नकोच. अमेरिकेतील झेंडो प्रकल्प २०१२ पासून महोत्सवांत अशीच सोबत देतो.

• झटके, छातीत दुखणे, शुद्ध हरपणे : १०८ वर रुग्णवाहिका बोलवा.

• रायपूरमध्ये मदत : टाटीबंधला एम्स रुग्णालय. मानसिक आधारासाठी टेली-मानस १४४१६, चोवीस तास, मोफत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६.

• काय घेतले, ते डॉक्टरांना खरे सांगा.