फवारणीचे कपडे वेगळे का धुवावेत?



या अंकात खोडव्याच्या खत मात्रेवर लिहावयाचे आम्ही ठरविले होते. परंतु मांजरसुंबा गटातील वस्त्यांवर फिरताना एक गोष्ट वारंवार नजरेस येते, ती आधी सांगणे जरूर वाटले. तणनाशक फवारून आलेला माणूस अंगातला शर्ट काढून मोरीत टाकतो आणि घरची बाई दुसऱ्या दिवशी तोच शर्ट लेकरांच्या शाळेच्या कपड्यांबरोबर एका बादलीत भिजत घालते. उसाच्या माणसाने धुण्याच्या भानगडीत कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. म्हणोत बापडे.

यात पहिली चूक आमचीच आहे, ती कबूल करून पुढे जातो. काही वर्षांपूर्वी हुमणीसाठी क्लोरपायरीफॉसची आळवणी कशी करावी, याचे प्रात्यक्षिक आम्ही एका प्लॉटवर दिले. पंप गळका होता. पाठ आणि कंबर भिजली. घरी येऊन शर्ट-पँट नेहमीच्या धुण्यात टाकली आणि जेवावयास बसलो. दुसऱ्या दिवशी धुणे धुऊन उठताना आमच्या मंडळींना चक्कर आली, मळमळ सुटली. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "घरात कोणी फवारणी केली होती का?" सभासदांना हातमोजे घाला म्हणून सांगणारे आम्ही, खाली मान घालून बसलो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले, हे आपण विसरला नसाल. त्यावेळी कपाशी पुरुषभर उंच वाढली होती आणि फवारा अंगावरच येत होता. आपला ऊस तर त्याहून उंच. औषध नाका-तोंडातूनच जाते असा समज आहे, पण फवारणाऱ्याच्या शरीरात ते मोठ्या प्रमाणावर कातडीतून शिरते. आणि सगळी कातडी सारखी नसते बरं का. हाताच्या मानाने काख, मान आणि जांघ येथून ते किती तरी पटीने अधिक आत जाते. भिजलेला पायजमा अंगावर तसाच वाळला म्हणजे विषाची पट्टी बांधून ठेवल्यासारखेच झाले.

आता कापडाकडे वळू, कारण प्रत्येक कापडाची तऱ्हा निराळी.

सुती कापड, मग ते मांजरपाट असो की जाड खादी (मांजरपाटाच्या नावावरून आमच्या मांजरसुंब्याशी कोणी सोयरीक जोडू नये), पाण्याबरोबर औषध पिऊन घेते. थोडेफार शिंतोडे ते वरच्या वर अडविते, म्हणून फवारणीस पूर्ण बाह्यांचा जाड सुती शर्ट चांगला. मात्र धाग्याच्या आत गेलेले औषध सहजी सुटत नाही. यावर एक जुना इलाज आहे, खळ. साबुदाण्याची किंवा तांदळाच्या पेजेची खळ दिलेल्या सुती कपड्यावर औषध पडले, तर त्यातले बरेचसे खळीतच अडकते आणि धुताना खळीबरोबर निघून जाते. पुन्हा घालण्यापूर्वी पुन्हा खळ द्यावी. आजी धोतराला खळ देत असे ती कडकपणासाठी, आपण द्यावी ती या कामासाठी.

टेरिकॉटचे तसे नाही. त्यात पॉलिएस्टर असते. पॉलिएस्टर पाणी फारसे पीत नाही, म्हणून तो शर्ट लवकर वाळतो आणि स्वच्छ दिसतो. पण तेलाशी त्याची गट्टी. ज्या बाटलीवर ई.सी. लिहिलेले असते ते औषध तेलकट असते, पाण्यात टाकताच दुधासारखे होते. ते पॉलिएस्टरला चिकटून बसते व थंड पाण्याला दाद देत नाही. नायलॉनची साडी नेसून ओल्या फडात खुरपावयास जाणाऱ्या भगिनींनीही ध्यानात घ्यावे, की असल्या पातळ कापडातून पाणी झिरपून थेट अंगाला लागते.

लोकरीचे तर नावच काढू नये. थंडीत सकाळी स्वेटर घालून फवारणारे आम्ही पाहिले आहेत. लोकर गरम पाण्यात घातली, चोळली, धोपटली की आटते आणि घट्ट होते. थंड पाण्यात नुसती बुचकळली तर औषध निघत नाही. धुता येत नाही ते फवारणीस घालू नये.

धुण्याची रीत अशी. कपडे त्याच दिवशी धुवावेत, जितके शिळे तितके औषध पक्के. धुणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत. ॲट्राझिनसारखी भुकटी, म्हणजे डब्ल्यू.पी., वापरली असेल तर कपडे झटकू नयेत, ती धूळ नाकात जाते. आधी दोन वेळा नुसत्या पाण्यातून खळबळून काढावेत. नंतर हाताला सोसणार नाही इतक्या गरम पाण्यात धुण्याची पावडर टाकून भिजवावेत, काठीने ढवळावेत आणि पाणी निवल्यावर चोळावेत. ई.सी. औषध असेल तर हे सर्व पुन्हा एकदा करावे. गरम टेरिकॉट पिळला की चुण्या कायमच्या बसतात अशी तक्रार येते. खरे आहे, पण फडात चुण्या कोण बघतो?

पावडरच का, साबणाची वडी का नको? आपल्या बालाघाटच्या माथ्यावर विहिरी-बोअरचे पाणी बहुधा जड. भांड्याला पांढरा थर धरतो तो त्याचाच. असल्या पाण्यात साबणाचा फेस होत नाही, चोथा होतो आणि मळाला धरून कपड्यावरच बसतो. पावडरीला ही अडचण कमी. वडीच वापरावयाची तर पाण्यात आधी धुण्याचा सोडा विरघळवावा. ब्लीचिंग पावडर मात्र टाकू नये. क्लोरीनमुळे क्लोरपायरीफॉससारख्या औषधाचे अधिक विषारी रूप तयार होऊ शकते.

"साहेब, प्यायला टँकर अन् धुण्याला दोन-दोन पाणी कुठून आणू?" असे एका वस्तीवरील मावशींनी आम्हाला तोंडावर विचारले. त्यांचे चुकले नाही. त्यांना सुचविले ते येथे देतो. घरचे धुणे आधी उरकावे. त्याचे शेवटचे खळबळलेले पाणी बादलीत राखून ठेवावे आणि फवारणीच्या कपड्यांची पहिली दोन पाणी त्यातच काढावीत. चांगले पाणी लागते ते पुढे. उलट क्रम मात्र कधीही करू नये. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी हे कपडे स्वतंत्र लावावेत आणि नंतर यंत्र एकदा पावडर घालून रिकामे फिरवावे.

विहिरीच्या काठावर, हापशाजवळ किंवा ओढ्यात हे धुणे नको. मळीचे पाणी जनावरांच्या हौदाकडे जाऊ देऊ नये, विहिरीपासून दूर खड्ड्यात जिरवावे. २,४-डी फवारले असेल तर ते पाणी परसातल्या वांगी-टोमॅटोला घालू नये. कपाशीचे पान त्याच्या वाऱ्यानेसुद्धा कसे आकसते, हे बीड जिल्ह्यात कोणाला सांगावयास नको.

वाळविताना दोरी वेगळी असावी. रंगीत कपडा सावलीत वाळवावा हा घरचा नियम येथे मोडावा, कडक ऊनच द्यावे. उन्हाने उरलेसुरले काही औषध मोडते, रंग गेला तर जाऊ द्या. कडब्याच्या गंजीवर कपडे पसरण्याची सवय आहे, ती सोडावी. तो कडबा उद्या म्हशीपुढेच पडणार. पावसाळ्यात एक जोड वाळत नाही, तेव्हा फवारणीसाठी जुने दोन जोड राखून ठेवावेत आणि घरात कपाटाऐवजी गोठ्याबाहेर खुंटीला अडकवावेत.

कपड्यावर न मिसळलेले, बाटलीतले मूळ औषध सांडले असेल तर तो कपडा धुण्याच्या भरीस पडू नये, टाकूनच द्यावा. फाटक्या कपड्याचे पोतेरे करण्याची रीत आहे, ती याला लावू नये. चामड्याचा पट्टा आणि चप्पल यांत शिरलेले औषध धुऊन निघत नाही, म्हणून फवारताना रबरी बूट घालावेत. आणि पंपाच्या पट्ट्याखाली खांद्याला टोचू नये म्हणून घोंगडीचा तुकडा किंवा जुना टॉवेल घडी करून ठेवतात, तो धुतलेला आम्ही आजवर कोठेही पाहिला नाही. पंपालाच बांधलेला असतो, हंगामभर. तो या आठवड्यात सोडून काढावा आणि त्याच्या जागी रेक्झिनचा तुकडा लावावा, पुसला की झाले.

— ऊस विकास अधिकारी, मांजरसुंबा गट