एका फाइलचा प्रोग्रॅम आणि त्यात भरलेली नावं

घराण्याची वंशावळ, मंडळाच्या वर्गणीचा हिशेब, आजीच्या लोणच्यांची प्रमाणं. अशा कामांसाठी हल्ली घरातलंच कुणीतरी पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम लिहितं, पायइन्स्टॉलरने त्याची एकच ईएक्सई फाइल बनवतं आणि पेनड्राइव्हवरून काका-मावशींना देतं. समोरच्याला काही इन्स्टॉल करावं लागत नाही, डबल-क्लिक केलं की सुरू. मला ही पद्धत फार आवडते. पण प्रोग्रॅमला माहिती साठवायची असली, की तिच्यात एक खड्डा आहे.

ती फाइल दिसायला एक असली तरी प्रत्यक्षात गाठोडं असतं. सुरू करताना विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये ‘_एमईआय’ने सुरू होणारं, पुढे आकडे असलेलं नवं फोल्डर तयार होतं, गाठोडं तिथे सोडलं जातं आणि प्रोग्रॅम तिथून चालतो. बंद केला की ते फोल्डर पुसलं जातं. पुढच्या वेळी नवं फोल्डर, पुन्हा तेच मूळ गाठोडं. त्यामुळे प्रोग्रॅमने आपली डेटाबेस फाइल ‘माझ्या शेजारी’ म्हणून ठेवली, तर तीही दर वेळी पुसली जाते. लिहिणाऱ्याला याचा पत्ता नसतो. त्याच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम साध्या पायथनमधून चालतो आणि तिथे सगळं नीट साठतं.

आमच्या दूरच्या नात्यातल्या एका मावशींनी अशाच प्रोग्रॅममध्ये माहेरच्या पिढ्यांची नावं भरायला घेतली. दुसऱ्या दिवशी उघडून बघतात तर सगळं कोरं. आपलंच काही चुकलं असं समजून त्या पुन्हा सकाळपासून बसल्या, आणि दुपारी मला फोन केला, “अरे, आता हे बंद करू की नको?” म्हटलं, “मावशी, तसंच राहू द्या, हात लावू नका.” व्हिडिओ कॉलवर टेम्प फोल्डर उघडायला लावलं, वेळेवरून त्या सकाळचं फोल्डर सापडलं आणि आतली डेटाबेस फाइल डेस्कटॉपवर कॉपी केली. तेवढी नावं वाचली. आदल्या दिवशीची मात्र गेली. त्यातली बरीच त्यांनी नव्वदीच्या थोरल्या भावाला विचारून लिहिली होती.

मग माहिती ईएक्सईच्या आतच का लिहू नये? कारण चालू असलेली ईएक्सई विंडोज बदलू देत नाही. शिवाय तिच्यावर डिजिटल सही असेल तर एक बाइट बदलला तरी ती अवैध ठरते.

फाइलने स्वतःतच माहिती ठेवायची, हे टिडलीविकीने करून दाखवलंय. जेरेमी रस्टन यांनी २००४ मध्ये आणलेली ही एकच एचटीएमएल फाइल. नोंद साठवली की पान नोंदीसकट स्वतःची नवी प्रत तयार करतं. कल्पना झकास, पण ब्राउझर पानाला डिस्कवर थेट लिहू देत नाही, म्हणून वेगळी सोय केली नसेल तर प्रत्येक वेळी नवी प्रत डाउनलोड होते. मग त्या ढिगातली ताजी कुठली ते शोधत बसा!

त्यापेक्षा प्रोग्रॅम एका फाइलमध्ये आणि माहिती दुसऱ्या, हे बरं. चित्रं, फॉन्ट असं न बदलणारं सामान गाठोड्यात राहू द्या. नावं-आकडे बाहेरच्या एका एसक्यूलाइट फाइलमध्ये जाऊ द्या. ही फाइल ईएक्सईच्या शेजारी हवी असेल तर मार्ग ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’वरून काढायचा, ‘फाइल’ या व्हेरिएबलवरून नाही, कारण ते टेम्पकडेच बोट दाखवतं. पण कुणी ईएक्सई प्रोग्रॅम फाइल्समध्ये नेऊन ठेवली, तर तिथे लिहायची परवानगी सहसा मिळत नाही.

रीतीप्रमाणे अशी फाइल अ‍ॅपडेटा फोल्डरमध्ये ठेवतात. मी मात्र घरच्यांसाठी ती डॉक्युमेंट्समध्ये ठेवतो. अ‍ॅपडेटा लपलेलं असतं, आणि लॅपटॉप बदलताना लोक डेस्कटॉप नि डॉक्युमेंट्स तेवढं उचलतात.

कुणाला देण्याआधी ईएक्सई दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालवा, एक नाव भरा, बंद करा, पुन्हा उघडा. आणि प्रोग्रॅमच्या खिडकीत तळाशी डेटाबेस फाइलचा पूर्ण मार्ग दिसू द्या, म्हणजे पेनड्राइव्हवर नेमकी कुठली फाइल घ्यायची हे विचारायला फोन येणार नाही.