आठ तासांचा स्वयंपाक

कॉर्न्ड बीफमध्ये मका नसतो! इथे कॉर्न म्हणजे मिठाचे जाडे खडे. त्यात मुरवलेलं छातीचं मांस अमेरिकेतले आयरिश लोक १७ मार्चला, सेंट पॅट्रिक्स डेला, कोबीबरोबर खातात.

हे मांस चिवट, कारण कोलॅजन भरपूर. स्लो कुकरच्या मंद आचेवर ८-१० तासांत त्याचं जिलेटिन होतं आणि मांस काट्याने सुटतं. गंमत म्हणजे बटाटे-गाजरं जास्त हट्टी, म्हणून ती तळाशी. कोबी मात्र शेवटच्या तास-दोन तासांत. सारखं झाकण उघडलंत की उष्णता गेलीच (थर्मोचं लेक्चर आठवा). आणि गोठलेलं मांस तसंच टाकू नका. ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत पोचायला फार वेळ घेतं, तोवर जंतू वाढतात आणि पोट बिघडतं. आधी फ्रिजमध्ये पूर्ण वितळवा.