संगणकाचा सहायक आणि गेल्या वर्षीचे पंचांग

एक किलोग्रॅम म्हणजे काय, असा प्रश्न परीक्षेत आला तर तुम्ही काय लिहाल? जुने पाठ्यपुस्तक वाचलेला विद्यार्थी लिहील, ‘पॅरिसजवळ सेव्र येथे जपून ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलाचे वस्तुमान.’ २० मे २०१९ पूर्वी हे उत्तर बिनचूक होते. त्या दिवसापासून मात्र किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर आधारण्यात आली. या विद्यार्थ्याने अभ्यासात कुचराई केलेली नाही. त्याचे पुस्तक जुने झाले आहे, एवढेच. आणि पुस्तक जुने झाले आहे ही गोष्ट त्या पुस्तकात कशी असणार?

संगणकाची आज्ञावली लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकांची नेमकी हीच अडचण आहे. ती कशी निर्माण होते आणि तिच्यावर उपाय कोणता, हे आपण एका उदाहरणाने पाहू.

एका विद्यार्थ्याच्या दोन संध्याकाळी

आमच्या महाविद्यालयातील एक विद्यार्थी प्रयोगशाळेच्या सूचनांसाठी संकेतस्थळ तयार करीत होता. त्यासाठी त्याने ‘नेक्स्ट जेएस’ ही चौकट, म्हणजे फ्रेमवर्क, निवडली होती. घर बांधताना आपण दारे-खिडक्या तयार आणून बसवतो. त्याचप्रमाणे संकेतस्थळाला नेहमी लागणारे भाग अशा चौकटीत तयार मिळतात. ते कसे वापरायचे याचे नियम चौकटीच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असतात.

विद्यार्थ्याला ‘कुकी’ वाचायची होती. कुकी म्हणजे संकेतस्थळाने वापरणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटीशी चिठ्ठी. तिच्यावरून तो वापरणारा पुन्हा आला की ओळखता येतो. त्याने सहायकाला विचारले. सहायकाने क्षणात सुबक आज्ञावली लिहून दिली. ती चालवताच चूक आली. पुन्हा विचारले. सहायकाने दिलगिरी व्यक्त केली आणि तीच रीत थोड्या वेगळ्या शब्दांत लिहून दिली. दोन संध्याकाळी गेल्यावर मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, “सर, मला हे जमणार नाही. माझंच काहीतरी चुकतंय.”

चूक त्याची नव्हती. नेक्स्ट जेएसच्या चौदाव्या आवृत्तीपर्यंत कुकी मागितली की ती लगेच हातात येत असे. ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या पंधराव्या आवृत्तीत हा नियम बदलला. आता कुकी मागितली की आधी मिळते ते ‘प्रॉमिस’, म्हणजे वचन. पूर्वी बँकेत धनादेश दिला की खिडकीवर पितळी बिल्ला मिळे आणि पैसे काही वेळाने. तसाच हा प्रकार आहे. म्हणून आज्ञावलीत ‘अवेट’, म्हणजे ‘थांब’, असा शब्द लिहावा लागतो. तो न लिहिणे म्हणजे हातातला बिल्लाच नोटा समजून मोजायला बसणे! पंधराव्या आवृत्तीने जुनी रीत तात्पुरती चालवून घेतली होती. ऑक्टोबर २०२५ मध्ये आलेल्या सोळाव्या आवृत्तीने ही सवलतही काढून घेतली. मुलाच्या संगणकावर सोळावी आवृत्ती होती आणि सहायक चौदावीचे नियम सांगत होता.

सहायक जुने का सांगतो?

या सहायकाच्या मुळाशी भाषेचे एक प्रचंड प्रतिमान, म्हणजे मॉडेल, असते. पुस्तके, लेख, आज्ञावल्या असा अफाट मजकूर त्याला दाखवला जातो. एका शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव किती, हे ते त्यातून शिकते. हे शिकलेले सारे अब्जावधी आकड्यांच्या रूपाने साठवले जाते. हे प्रशिक्षण फार खर्चाचे असते. ते एका ठरावीक दिवसापर्यंतच्या मजकुरावर केले जाते. त्यानंतर आपण कितीही प्रश्न विचारले तरी ते आकडे बदलत नाहीत.

म्हणजे प्रतिमानाचे ज्ञान हे छापून झालेले पंचांग आहे. त्यात गेल्या वर्षीच्या तिथी अचूक असतात; पण त्यावरून यंदाची संकष्टी काढली तर उपास भलत्याच दिवशी घडेल.

आणखी एक बारकावा आहे. प्रशिक्षणाच्या मजकुरात नवी रीत आलेली असली, तरी जुन्या रीतीची उदाहरणे तिच्याहून पुष्कळ अधिक असू शकतात. संभवाच्या हिशेबात बहुमत जुन्याचे होते. शिवाय उत्तराची भाषा दोन्ही वेळा सारखीच ठाम असते. त्यामुळे नुसत्या भाषेवरून खरेखोटे ओळखता येत नाही.

उपाय: पुस्तक उघडून परीक्षा

आपल्या प्रश्नाबरोबर जो मजकूर प्रतिमानासमोर येतो त्याला ‘संदर्भ’ म्हणतात. पुढचा शब्द निवडताना प्रतिमान साठवलेल्या आकड्यांबरोबर या संदर्भाचाही उपयोग करते. तेव्हा माहितीपुस्तिकेचे योग्य पान संदर्भात ठेवले, तर पाठांतराची परीक्षा पुस्तक उघडून द्यायची परीक्षा होते. आम्ही तेच केले. सोळाव्या आवृत्तीच्या पुस्तिकेतले कुकीचे पान प्रश्नासोबत दिले आणि पहिल्याच उत्तरात ‘अवेट’ जागेवर आले.

हे काम सोपे व्हावे म्हणून काही सोयी निघाल्या आहेत. सप्टेंबर २०२४ मध्ये जेरेमी हॉवर्ड यांनी ‘एलएलएम्स डॉट टीएक्सटी’ नावाच्या धारिकेची सूचना मांडली. सजावट आणि जाहिराती वगळून संकेतस्थळावरील कामाच्या पानांची साधी सूची या धारिकेत द्यावी, म्हणजे प्रतिमानाला ती सहज वाचता येईल, अशी ही कल्पना आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा संकेत प्रसिद्ध केला. त्याच्या आधारे सहायक स्वतःच बाहेरच्या साधनाकडून हवे ते पान मागवून घेऊ शकतो.

नवे म्हणजे योग्यच का?

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. पुस्तिका नवीनात नवीन असून भागत नाही. ती आपल्या आवृत्तीची असावी लागते. तुमच्या शाळेचे संकेतस्थळ चौदाव्या आवृत्तीवर चालत असेल, तर त्याला सोळावीचे पान देणे हीही चूकच. म्हणून आधी आपल्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे ते पाहावे, मगच पान निवडावे.

दुसरे असे की, संदर्भाला मर्यादा असते. सगळी पुस्तिका कोंबली तर नेमके वाक्य गर्दीत हरवू शकते. लागेल तेवढेच पान द्यावे. तिसरे असे की, पान मूळ निर्मात्यांचेच असावे. कोणीही लिहिलेला मजकूर सहायकासमोर ठेवला, तर त्यातील चुकाही तो इमानाने उचलील. आणि एवढे सगळे करूनही आज्ञावली चालवून पाहावीच लागते. प्रयोगाशिवाय निष्कर्ष नाही, हा नियम येथेही लागू आहे.

हे करून पाहा

शिक्षकांच्या मदतीने एक प्रयोग करा. अलीकडे बदललेला एखादा नियम निवडा. सहायकाला बाहेरचे काही शोधू न देता त्यावर प्रश्न विचारा आणि उत्तर वहीत उतरवा. मग नव्याने संभाषण सुरू करून तोच प्रश्न मूळ पुस्तिकेच्या पानासह विचारा. दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून फरक नोंदवा. प्रत्येक उत्तरापुढे दिनांक आणि आवृत्ती लिहायला विसरू नका.

आमच्या त्या विद्यार्थ्याचा सूचनाफलक आता चालू आहे. पण त्याने केलेली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. त्याने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे: ‘उत्तर चुकले तर स्वतःला दोष देण्यापूर्वी पुस्तकाचे वर्ष पाहावे.’