मूलपेशी ते पारडी

गर्भाच्या आरंभी ज्या पेशींपासून पुढे हाड, रक्त, त्वचा असे सर्व काही घडते, त्यांना मूलपेशी म्हणतात. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत अशाच पेशीपासून २०१० साली ‘गरिमा-२’ ही म्हैस जन्मली. स्त्रीबीजातील केंद्रक काढून तेथे मूलपेशी जोडली आणि वाढलेला भ्रूण दुसऱ्या म्हशीच्या गर्भाशयात ठेवला. अशी म्हैस पुढे विते काय, हा प्रश्न होता. २५ जानेवारी २०१३ रोजी कृत्रिम रेतनातून तिला ‘महिमा’ ही पारडी झाली आणि उत्तर मिळाले. तथापि असे थोडेच भ्रूण जगतात. त्याचे कारण शोधण्यात संशोधकांची पीएच.डी.नंतरचीही वर्षे जातात.

आपल्या पूर्वजांच्या वाट्याला गावची मेलेली ढोरे ओढणे आले. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृतमांस सोडण्यास बजावले. आज त्याच घरांतील मुलांना जनावराच्या जन्माचे शास्त्र खुले आहे. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून उभे आहे. मीरा-भाईंदरहून तेथे लोकलने जाता येते. जीवशास्त्र घेणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढे पालकांनी हीही वाट ठेवावी, असे आम्हांस वाटते.