उलटी झाली म्हणून बाळाचे पाणी बंद करू नका

दिवाळी होऊन थंडी पडू लागली, की दवाखान्यात एका ठराविक तऱ्हेची लहान मुले येऊ लागतात. वय साधारण सहा महिने ते दोन वर्षे. काल संध्याकाळपर्यंत घरभर रांगणारे मूल रात्री अचानक उलट्या करू लागते, अंग तापते आणि सकाळपासून पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. आईवडील बुचकळ्यात पडतात. पावसाळ्यात गढूळ पाण्याने जुलाब होतात हे सर्वांनाच ठाऊक असते. पण "डॉक्टर, आम्ही पाणी उकळून देतो, बाहेरचे काहीही दिले नाही, मग हे कशाने झाले?" हा प्रश्न हमखास येतो.

हे बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते. त्यांतला लहान मुलांना सर्वाधिक छळणारा म्हणजे रोटाव्हायरस. १९७३ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे डॉ. रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो आजारी मुलांच्या आतड्यात शोधून काढला. सूक्ष्मदर्शकाखाली तो चाकासारखा दिसतो आणि लॅटिन भाषेत चाकाला 'रोटा' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. आपल्या भागात त्याचा जोर थंडीत अधिक असतो. आजारी मुलाच्या शीतून तो हातांवर, खेळण्यांवर, फरशीवर येतो आणि तिथून दुसऱ्या मुलाच्या तोंडात जातो. त्याला गढूळ पाण्याची गरज नसते, न धुतलेले हात पुरतात. घरातील वडीलधाऱ्या बायका "दात येताहेत म्हणून जुलाब" असे म्हणतात. दातांनी जुलाब होत नाहीत. मात्र त्या वयात मूल सापडेल ती वस्तू तोंडात घालते, म्हणून दोन्ही गोष्टी एकाच वेळी दिसतात, इतकेच.

या आजाराची चाल ठरलेली असते. उलट्या एक-दोन दिवसांत कमी होतात, ताप उतरतो, जुलाब मात्र पाच ते सात दिवस रेंगाळतात. शरीर स्वतःच विषाणूला हटवते. पाचव्या-सहाव्या दिवशी जुलाब थांबले, की त्या वेळी जे औषध चालू असेल त्याला, किंवा ज्याने नजर उतरवली असेल त्याला श्रेय मिळते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती मधल्या दिवसांत मुलाचे पाणी बंद केले जाते त्याबद्दल.

या आजारात धोका जुलाबांच्या संख्येपेक्षा शरीरातून निघून जाणाऱ्या पाण्याचा आणि क्षारांचा असतो. साधारण वर्षाच्या, दहा किलो वजनाच्या मुलाचा हिशेब पाहा. त्याच्या अंगातून अर्धा लिटर पाणी कमी झाले की ते सुकू लागते. एक लिटर गेले की जीव धोक्यात येतो. मोठ्या माणसाला एक लिटर म्हणजे फारसे नाही, पण बाळाच्या अंगातून तेवढे पाणी एका दिवसातही जाऊ शकते. आणि नेमके याच वेळी घरात ठरते, "पोटात काही ठरत नाही, आता काही देऊ नका, पोटाला आराम द्या." पाणी बंद, दूध बंद, भात बंद. वरून गळते आहे आणि भरणे थांबवले आहे, अशा हंड्याचे काय होणार?

यावरचा उपाय म्हणजे जलसंजीवनी, ज्याला आता सगळे ओआरएस म्हणतात. १९७१ साली बांगलादेश मुक्तियुद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांच्या छावणीत पटकीची साथ आली. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व सोडा यांचे मिश्रण पाण्यात विरघळवून रुग्णांना तोंडावाटे पाजायला लावले, तेही बहुतांशी नातेवाइकांच्या हातून. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होते, ते ४ टक्क्यांच्याही खाली आले. हे डॉक्टर २०२२ साली वारले. आपल्याकडे त्यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक आहे.

साखर-मीठच का, असे कोणी विचारील. आतड्याच्या अस्तरातून मीठ एकटे नीट आत जात नाही, ते ग्लुकोजच्या जोडीने जाते आणि दोघांच्या मागोमाग पाणी जाते. विषाणूने अस्तराची नासधूस केली तरी ही वाट बरीचशी चालू राहते. पण प्रमाण महत्त्वाचे. साखर जास्त झाली तर उलट शरीरातले पाणीच आतड्यात ओढले जाते व जुलाब वाढतात. मीठ जास्त झाले तर मेंदूवर परिणाम होऊन झटके येऊ शकतात.

म्हणून पाकिटावर लिहिले आहे तेवढेच पाणी घ्यावे. मोठे पाकीट एक लिटरचे असते, ते पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एकदम घालावे. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली मापासाठी उत्तम. अर्धे पाकीट कपात टाकून "थोडे थोडे करतो" म्हणणारे पुष्कळ भेटतात, तसे करू नये. लहान, २०० मिलिलिटरची पाकिटेही मिळतात, ज्या घरी माप चुकते त्यांनी ती आणावीत. तयार पाणी पुन्हा उकळू नये, त्यात साखर किंवा दूध मिसळू नये आणि चोवीस तासांनी उरलेले फेकून द्यावे. रात्री-अपरात्री पाकीट मिळाले नाही, तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते येईपर्यंत चालवावे. पाणी चाखून पाहावे, अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये.

खरेदी करतानाही डोळे उघडे ठेवावेत. कागदी डब्यातून मिळणारी, ओआरएससारख्या नावाची गोड पेये अनेक वर्षे औषधाच्या दुकानातून विकली गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने पेयांच्या नावात 'ओआरएस' हे शब्द वापरण्यास मनाई केली. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार बनवल्याचा उल्लेख पाहून घ्यावा. नुसती ग्लुकोज पावडर, बाटलीतले रस, थंड पेये व चहा हे त्याला पर्याय नव्हेत.

आता खरी अडचण. "डॉक्टर, पाजले की लगेच उलटी होते." का होते? कारण तहानलेल्या मुलाला आपण अर्धी वाटी एकदम पाजतो, ते घटाघटा पिते आणि पोट ते बाहेर फेकते. चहाचा चमचा घ्या आणि दर एक-दोन मिनिटांनी एकच चमचा द्या. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा आणखी सावकाश, दोन-तीन मिनिटांनी एक, असे सुरू करा. एका चमच्यात पाच मिलिलिटर मावते. दर दोन मिनिटांनी एक म्हणजे तासाला तीस चमचे, दीडशे मिलिलिटर झाले. मध्ये थोडे उलटून पडले तरी बाकीचे अंगी लागतेच. हे काम कंटाळवाणे आहे आणि एकट्या आईने रात्रभर करायचे नाही. वडिलांनी, आजीने, मावशीने पाळी लावावी. बनगावच्या छावणीतही हेच झाले होते.

उलट्या आटोक्यात आल्यावर दोन वर्षांखालील मुलास प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धा कप, त्याहून मोठ्यास अर्धा ते एक कप द्यावे. अंगावरचे दूध एक क्षणही बंद करू नये, उलट अधिक वेळा पाजावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईचे दूध आणि जलसंजीवनी याखेरीज काही नको. वरचे दूध चालू असेल तर नेहमीचेच द्यावे, पाणी घालून पातळ करू नये. मोठ्या मुलाला मऊ भात, मुगाचे वरण, पेज, ताक, केळे, खिचडीवर थोडे तेल-तूप, जे आवडेल ते थोडे थोडे द्यावे. शहाळ्याचे पाणी जोडीला चालेल, जलसंजीवनीच्या ऐवजी नाही. उपाशी ठेवलेल्या मुलाचे आतडे उशिरा भरून येते.

याबरोबर झिंकच्या गोळ्या द्याव्यात. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाला (वय दोन महिन्यांपुढे) १० मिलिग्रॅम, त्यापुढे पाच वर्षांपर्यंत २० मिलिग्रॅम, रोज एकदा, चौदा दिवस. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात गोळी विरघळते. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नये. उपकेंद्रात व आशाताईंकडे जलसंजीवनी व झिंक मोफत मिळते.

बाकी औषधांबद्दल हात आखडता ठेवलेला बरा. प्रतिजैविके विषाणूवर चालत नाहीत. जुलाब एकदम बंद करणाऱ्या, मोठ्यांच्या गोळ्या मुलांना कधीही देऊ नयेत, त्यांनी आतड्याची हालचाल मंदावून पोट फुगते. तापाला पॅरासिटामॉल वजनानुसार डॉक्टरांना विचारून द्यावे. गुटीतले जायफळ जास्त उगाळून दिले जाते, तेही थांबवावे. त्याने गुंगी येते, आणि मूल औषधाने पेंगते आहे की पाणी कमी झाल्याने, हे ओळखता येईनासे होते. "सलाईन लावा म्हणजे लवकर बरे होईल" हा आग्रहही नको. मूल पिऊ शकत असेल तर चमचा तेच काम करतो.

मात्र पुढील गोष्टी दिसल्या तर घरी थांबू नये, रात्र असली तरी. मूल पीत नाही किंवा प्यालेले सगळेच उलटते. सुस्त पडते, हाक मारल्यावर नीट जागे होत नाही. डोळे खोल गेले, टाळू खोल गेली, रडताना अश्रू येत नाहीत, तोंड कोरडे पडले. सहा तासांत लघवी झाली नाही (डायपर असेल तर ती कळत नाही, म्हणून या दिवसांत सुती लंगोट बरा). पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली की सावकाश खाली बसते. शीत रक्त, हिरवी उलटी, फुगलेले पोट, झटके, किंवा थांबून थांबून पाय पोटाशी घेऊन किंचाळणे, यांपैकी काहीही दिसले तर तो साधा विषाणूचा आजार नसू शकतो. तांदळाच्या धुवणासारखे भरपूर जुलाब होत असतील तर लगेच निघावे. दोन महिन्यांखालील बाळ असेल तर पहिल्या जुलाबालाच दाखवावे. दवाखान्यात नेताना वाटेतही चमचा चालू ठेवावा.

रोटाव्हायरसची लस आहे. ती तोंडावाटे देतात, सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात. सरकारी लसीकरणात ती २०१६ साली चार राज्यांत सुरू झाली, महाराष्ट्रात २०१९ मध्ये आली. ती मोफत मिळते. तिने सगळेच जुलाब टळत नाहीत, पण मूल दवाखान्यात भरती होण्याइतके गंभीर सहसा होत नाही. पहिला डोस राहून गेला असेल तर बाळ वर्षाचे होण्याआधी घेऊन टाकावा.

मूल बरे दिसू लागले तरी त्याच्या शीतून विषाणू आणखी काही दिवस बाहेर पडत असतो. शी धुतल्यावर, डायपर बदलल्यावर व भरवण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, नुसत्या सॅनिटायझरवर विसंबू नये. डायपर नाल्यात किंवा उकिरड्यावर उघडा न टाकता कागदात गुंडाळून टाकावा. खेळणी साबणाच्या पाण्याने धुवावीत. जुलाब थांबून पूर्ण दोन दिवस होईपर्यंत मुलाला अंगणवाडीत किंवा पाळणाघरात पाठवू नये.