खुबा बदलण्यापूर्वी

पांढुर्णा-सौंसरकडील आपला शेतकरी अंगाने काटक. शेतकामाने कमावलेली ही ताकद खुब्याचा सांधा बदलताना फार उपयोगी पडते. म्हणून शस्त्रक्रियेची तारीख मिळाली की खाटेवर पडून राहू नये. सोसवेल तितके चालावे, डॉक्टरांनी दाखविलेले मांड्यांचे व दंडांचे व्यायाम रोज करावेत.

ही शस्त्रक्रिया नवी नाही. इंग्लंडच्या डॉ. जॉन चार्नली यांनी १९६२ च्या सुमारास तिला आजचे रूप दिले. भीती असते ती जंतूंची. नव्या सांध्यात जंतू शिरले तर तो पुन्हा उघडावा लागू शकतो. म्हणून संत्र्याच्या काट्याची जखम, पायाच्या भेगा, किडका दात आधी बरे करून घ्यावेत. तंबाखू व बिडी निदान महिनाभर आधी सोडावी. त्यांनी जखम भरण्यास उशीर लागतो. आपल्या भागात सिकलसेल आढळतो. त्यानेही तरुणपणी खुबा खराब होतो. तो असल्यास भूल देणाऱ्या डॉक्टरांना अवश्य सांगावे.

घरी उंच खाट, हाताची खुर्ची व कमोडची सोय आधीच करावी.

आता हंगामाचे. धडधाकट माणूस लवकर चालू लागतो आणि तिथेच फसतो. मार्चमध्ये सांधा बदलला तरी जूनची पेरणी स्वतः करण्याचा हिशेब धरू नये. आम्ही सुचवितो, वखर कोण धरील हे घरात आधीच ठरवावे, आणि डॉक्टर सांगतील तेव्हाच बांधावर जावे.